ग्रूमिंग व्हॅनच्या टपावरचा २४ व्होल्टचा एसी: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये आमची कुत्र्यांच्या ग्रूमिंगची व्हॅन फिरते. काम गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून चालतं, त्यामुळे गाडीचा मूळ एसी तिथे उपयोगाचा नाही. मार्चमध्ये टपावर बॅटरीवर चालणारा एसी बसवला, ट्रकवाले मुक्कामाला वापरतात तसला. आता दिवाळी जवळ आलीय.

गारवा उत्तम. पण असा एसी घेणाऱ्याने आधी विजेचा हिशेब मांडावा, मॉडेल नंतर निवडावं. आमची लिथियम बॅटरी २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची, म्हणजे ५.१२ युनिटची. मे महिन्याच्या दुपारी एसी ७०० वॅटच्या आसपास घेत राहतो. बॅटरी पार रिकामी करत नाही; चार युनिटं धरली तर जेमतेम पावणेसहा तास. पावसाळ्यात कंप्रेसर सावकाश चालतो, तेव्हा संध्याकाळपर्यंत चिंता नसते.

“गाडी चालताना चार्ज होईलच की,” असं सगळेच म्हणतात. अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरवरून, आमचा चार्जर ५०० वॅट देतो, म्हणजे तासाला अर्धं युनिट. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत गाडी रांगत असेल तर तेवढंही नाही. बॅटरी खरी भरते ती रात्री, घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर. सोलरचा विचार सोडून दिला, कारण कुत्र्यांसाठी गाडी सावलीत लावायची असते.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो ब्लोअरचा. कुत्र्याचे केस वाळवायचा २ किलोवॅटचा ब्लोअर लावला की इन्व्हर्टर बॅटरीतून ८५-९० अँपिअर ओढतो. बसवणाऱ्याने एसी आणि इन्व्हर्टर एकाच केबलवर जोडून दिले होते. ब्लोअर सुरू केला की केबलमध्येच व्होल्टेज पडायचं आणि बॅटरी भरलेली असूनही एसी ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद व्हायचा. शेवटी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी एसीसाठी बॅटरीपासून वेगळी जाड केबल ओढली, तिला स्वतंत्र फ्यूज टाकला. तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. १२ व्होल्टचा एसी स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो आणि त्याच केबलमधलं नुकसान चौपट होतं.

मला या एसीचं सर्वांत मोल वाटलं ते जुलैत. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं आणि हवा दमट असली की धापांचा फारसा उपयोग होत नाही. पग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हे जिवावर बेतू शकतं. त्यात अंघोळ आणि ब्लोअरमुळे व्हॅनमध्ये वाफच वाफ होते. एसी ती ओल खेचून बाहेर टाकतो. पूर्वी मान टाकून हाशहूश करणारा एक म्हातारा पग आता टेबलावर चक्क झोपतो. एवढ्यासाठी पुन्हा तेवढाच खर्च करावा लागला तरी करीन.

देखभाल रोजची आहे. फिल्टरमध्ये केस अडकतात, ते दिवसाअखेर काढावेच लागतात. पाणी जायची नळी पावसाआधी साफ करून घ्या. आणि टपावर युनिट बसवल्याने गाडीची उंची वाढते, बेसमेंट पार्किंगच्या पाटीशी आधी ताडून बघा. बऱ्याच टॉवर्समध्ये आम्हाला आता वरच, गेटजवळ जागा मागावी लागते.