रात्रीच्या पाण्यासाठी बनवलेला टॉर्च, सोयाबीन निघाल्यापासून वापरायलो, अनुभव लिहितो

हरभऱ्याचं पाणी झालं, ज्वारीचं झालं, आता उन्हाळी भुईमूग चालू आहे, एवढे महिने हाच टॉर्च हातात आहे म्हणून सविस्तर लिहायलो. आम्ही परभणीकडचे, थ्री फेज एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री, रात्रीचा आठवडा आला की दारं धरायला आठ आठ तास काळ्या रानात उभं राहावं लागतं. आधी दुकानातला चार्जिंगचा टॉर्च होता, आत ४ व्होल्टची शिशाची बॅटरी, सुरुवातीला झगझगीत अन् मध्यरात्रीपर्यंत पिवळा. असली बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग चार्जिंगला लावून काही उपयोग नसतो.

मग अल्युमिनियमची रिकामी बॉडी मागवली, आत २१७०० मापाचा एकच लिथियम सेल, सॅमसंगचा ५०ई, ५००० एमएएच (सेलमध्ये चार्ज किती मावतो त्याचं माप). ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट मोजून देणारं सर्किट, ७१३५ चिपचा, चार चिप, एक चिप ३५० मिलिअँपिअर देते म्हणजे फुल्लवर १४०० अन् कमीवर एकच चिप चालते. फुल्लवर साडेतीन तास, कमीवर चौदा तासाच्या आसपास, म्हणजे अख्खी रात्र कमीवर काढून मधून मधून फुल्ल मारला तरी सकाळी सेलमध्ये जीव असतो. अन् उजेड हळूहळू मरत नाही, ड्रायव्हर करंट एकसारखा धरतो, सेल अगदी उतरत आला की मगच पडतो. एलईडी तांब्याच्या बोर्डवर आहे, खाली थर्मल पेस्ट. फुल्लवर बॉडी कोमट झाली पाहिजे, बॉडी थंडगार अन् उजेड कमी व्हायला लागला तर आतली उष्णता बाहेर येईना असं समजून उघडून बघायचं.

पण खरा फरक पडला तो एलईडीच्या रंगाचा, हे मी सगळ्यांना सांगत असतो. बाजारातले बहुतेक टॉर्च ६५०० केल्विनचे, निळसर पांढरे; केल्विनचा आकडा कमी तितका उजेड पिवळसर. त्या उजेडात ढेकळं, पाचट, वाळलेली पानं सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. मी निचियाचा ५१९ए टाकला, ४००० केल्विन, सीआरआय ९०, म्हणजे रंग उन्हात दिसतात त्याच्या जवळपास दिसतात, अन् पुढं पसरट लेन्स. हरभऱ्यात दारं मोडताना आबांच्या पुढं दंडाच्या कडेला घोणस पडलेली होती, अंगावरचे तपकिरी गोल ठिपके साखळीसारखे एकामागं एक स्वच्छ दिसले अन् आबा जागेवर थांबले. लुमेन किती, म्हणजे एकूण उजेड किती, हे सगळे विचारतात, मला वाटतं पायाखालच्या चार हातात काय पडलंय ते ओळखू येणं जास्त महत्त्वाचं. गमबूट मात्र घालायचेच, टॉर्च कितीही चांगला असू द्या.

लांब मारायला हा टॉर्च कामाचा नाही. रानडुकरं बांधापलीकडं आली तर दीडशे फुटाच्या पुढं काही नीट दिसत नाही, त्यासाठी खोल रिफ्लेक्टरचा दुसरा ठेवलाय. मागचं बटण चिखलानं जाम होतं, रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावत राहावं लागतं नाहीतर पाणी आत जातं.

सेलबद्दल थोडं जास्त सांगतो कारण धोका तिथंच आहे. १८६५० मापाच्या, म्हणजे २१७०० पेक्षा थोड्या लहान सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की सोडून द्या, त्या मापात ३५०० च्या आसपासच मावतं, अन् चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढं भरतो, हलका लागला की समजून जायचं. सेलवरचं प्लास्टिक फाटलं तर तो सेल तसाच वापरायचा नाही, आधी नवीन रॅप चढवायचा, कारण पॉझिटिव्हच्या टोकाची गोल कडासुद्धा निगेटिव्हच असते, मध्ये एवढीशी वॉशर, तिथं काही टेकलं की सरळ शॉर्ट. सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग करू नका, पट्टी लागत असेल तर स्पॉट वेल्डिंगवाल्याकडून मारून घ्या. चार्जर ४.२ व्होल्टला थांबणाराच पाहिजे. अन् आता एप्रिल-मेमध्ये इकडं पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, ४५ च्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात. म्हणून मी दुपारी टॉर्च माठाजवळच्या कोनाड्यात ठेवतो अन् दिवस मावळल्यावर चार्जिंगला लावतो. सगळा खर्च दोन हजाराच्या आतबाहेर गेला, आबांसाठी दुसरा बनवायला घेतलाय, त्याला बटण मोठं टाकणार, हातमोज्यातून दाबता आलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं आहे.