ऑर्व्हिएतो: खडकावरचा जुना वाडा की स्टेशनजवळचे हॉटेल?

रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या दरम्यान ऑर्व्हिएतोला दोन-तीन रात्री थांबायचे ठरले की राहण्याचा प्रश्न दोन पर्यायांवर येऊन ठेपतो. खडकाच्या माथ्यावरच्या जुन्या गावात एखाद्या सरदारी वाड्याचे हॉटेल झाले आहे, तिथे उतरायचे; किंवा पायथ्याशी, स्टेशनालगतच्या ऑर्व्हिएतो स्कालो या वस्तीतले नव्या बांधणीचे साधे हॉटेल घ्यायचे. आम्ही दोघांनी पहिल्या खेपेस खालचे घेतले आणि चार वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा वरचे. दोन्ही वेळा महिना जूनचा होता, त्यामुळे थंडीतला अनुभव याहून वेगळा असू शकेल, हे आधीच सांगतो.

खालच्या हॉटेलाची बाजू भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. आगगाडीतून उतरल्यावर पाच मिनिटांत खोलीत पोहोचता येते, लिफ्ट असते, खोली ऐसपैस असते, आणि आम्ही मोजलेले पैसे पुढे वरच्या वाड्याला दिलेल्या भाड्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक होते. मोटार भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांचा तर मोठाच ताप वाचतो. वरच्या गावाच्या काही भागात परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश आहे, आणि इटलीत अशा भागात चुकून शिरलेल्या गाडीचा दंड कित्येक महिन्यांनी, प्रवासाची मजा विसरल्यावर, घरच्या पत्त्यावर येऊन पोहोचतो. वर उतरायचेच असेल तर गाडी काम्पो देल्ला फिएराच्या वाहनतळावर ठेवून सरकत्या जिन्यांनी गावात यावे, हे बरे.

दिवसा पाहायच्या ठिकाणांच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. स्टेशनसमोरून सुटणारी फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, १८८८ मध्ये पाण्याच्या वजनावर चालू झाली होती. १९९० पासून ती विजेवर चालते आणि काही मिनिटांत वर आणून सोडते. तिथून अगदी जवळ संत पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर इथे आश्रयाला आलेल्या सातव्या पोप क्लेमेंट यांनी, गावाला वेढा पडलाच तर पाण्यावाचून हाल होऊ नयेत म्हणून ती खोदायला घेतली. पाणी आणायला उतरणारी आणि ते घेऊन चढणारी खेचरे समोरासमोर येऊ नयेत, यासाठी तिला एकमेकांत गुंफलेले पण वाटेत कुठेही न मिळणारे दोन जिने आहेत. २४८ पायऱ्या उतरून पुन्हा तेवढ्याच चढायच्या असल्याने हे काम सकाळी उरकलेले चांगले, आणि ते खालून येणाऱ्यालाही तितकेच सोयीचे आहे.

माझे मत फिरवले ते संध्याकाळने. इथल्या कॅथेड्रलचे दर्शनी अंग पश्चिमेकडे आहे आणि त्यावरच्या सोनेरी मोझेकवर मावळतीचे ऊन पडते, तेव्हा ते पाहायला हवे. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो, आणि आम्ही गेलो त्या दोन्ही वर्षी फ्युनिक्युलरची शेवटची फेरी साडेआठच्या सुमारास होती. त्यात बहुतेक भोजनगृहे साडेसातच्या आत चूल पेटवत नाहीत. पहिल्या रात्री आम्ही दार उघडण्याआधीच बाहेर उभे होतो. तरी उंब्रिकेल्ली, म्हणजे हाताने वळलेला जाडसर शेवयांसारखा पास्ता, समोर यायला आठ वाजून दहा मिनिटे झाली. पत्नीने मनगटी घड्याळ काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवले आणि आम्ही परीक्षेचा पेपर सोडवावा तसे जेवलो. (उंब्रिया या इथल्या प्रांतातला पाव अळणी असतो, त्याच्यासाठी सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी तशीच पिशवीत राहिली.) फ्युनिक्युलरकडे धावताना मागे वळून पाहिले, तेव्हा कॅथेड्रलचा माथा नुकताच तांबूस होऊ लागला होता.

त्यानंतर खाली जाता येतच नाही, असे मी म्हणणार नाही. बस असते, टॅक्सीही मिळते. पण दुसऱ्या रात्री आम्ही मुद्दाम थांबलो, तेव्हा फोन करून बोलावलेली टॅक्सी पाऊण तासाने आली, आणि तोवर निवांत बसण्यातला अर्थ निघून गेला होता. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर हे कदाचित जाणवणारही नाही. आम्हाला मात्र दोन्ही दिवस चार वाजल्यापासून परतीचे वेध लागलेले असत.

वरच्या वाड्याने याची भरपाई केली; अर्थात किंमत वसूल करूनच. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती, आणि बावीस किलोची बॅग दगडी जिन्यावरून चढवताना माझ्या वयाची मला आठवण झाली. न्हाणीघर बहुधा पूर्वीच्या कपाटाच्या जागी बसवलेले होते. साबण लावताना कोपर दोन्हीकडे आपटे. चर्चच्या घंटांनी रोज सकाळी मालकांनी सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी उठवले. उलट, खडकाच्याच तुफा दगडाच्या हातभर जाड भिंतींमुळे भर दुपारी खोलीत इतका गारवा असे की वातानुकूलन चालू करण्याची वेळ आली नाही. गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील, किंवा पहाटेची गाडी पकडायची असेल, तर मी आजही खालचेच हॉटेल सुचवीन.

तसे काही नसेल तर मात्र वरच राहावे, असे मला वाटते. सहानंतर रोमहून आलेले दिवसभराचे पाहुणे खाली परतू लागतात आणि कोर्सो काव्हूर या मुख्य रस्त्यावर गावातलीच माणसे फेरफटका मारायला बाहेर पडतात. आम्ही तिन्ही संध्याकाळी कॅथेड्रलसमोर जाऊन बसलो. ऊन वरवर सरकत कळसांपर्यंत गेले आणि मोझेक एकेक करून विझत गेले. नंतर नऊ वाजता जेवायला उठलो, चटणीची डबी टेबलावर काढली, आणि वेटरने ती बोटावर घेऊन चाखल्यावर आणखी पाव आणून दिला. पुढच्या खेपेस वाड्यातच, पण पहिल्या मजल्यावरची खोली मागणार आहोत.