रायझन ५६०० ओव्हरक्लॉक करून दहा महिने: सोलापूरच्या उन्हाळ्यासकट अनुभव

गेल्या ऑक्टोबरात पीसी जुळवायला घेतला तेव्हा दोन पर्याय होते. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घ्यायचा आणि तो ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, नाहीतर मामेभावासारखा सरळ रायझन ७ ५८००एक्स३डी घ्यायचा. दोन्ही २०२२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आले. तेव्हा अमेरिकेतला भाव १९९ आणि ४४९ डॉलर होता, म्हणजे सव्वादोन पट. मी ५६०० घेतला आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले, आरएक्स ६७०० एक्सटी घेतलं. निर्णय बरोबर निघाला. पण ज्या भरवशावर घेतला होता तो भरवसा चुकीचा होता, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझी समजूत अशी की स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला की महागाची बरोबरी करतो. ही समजूत जुन्या काळातून आलीय. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए घ्या. बस (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी वाट, जिच्या वेगाच्या पटीत प्रोसेसर पळतो) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० वर पळायचा. दीडपट! आता कंपनीच प्रोसेसरला जवळपास टोकापर्यंत नेऊन विकते. ५६०० कागदावर ३.५ गिगाहर्ट्झचा, पण गार ठेवला तर स्वतःहून ४.४ ला जातो. मी हाताने सगळे कोर (प्रोसेसरच्या आत काम करणारे भाग) ४.६ वर बसवले, १.३ व्होल्टवर. म्हणजे कमावले किती? २०० मेगाहर्ट्झ, साडेचार टक्के.

गेममध्ये तेवढंही दिसलं नाही. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची सरासरी २२८ ची २३७ झाली. सायबरपंक १४४० पी वर (मोठ्या रिझोल्यूशनवर) जिथे होता तिथेच राहिला, कारण तिथे ग्राफिक्स कार्डच पूर्ण भरलेलं असतं आणि प्रोसेसर रिकामा वाट बघत बसतो.

खरा फरक पडला रॅमने. पीसी शहरातल्याच एका दुकानातून जुळवून आणला होता. दोन महिन्यांनी टास्क मॅनेजरमध्ये सहज बघितलं तर ३६०० ची रॅम २४०० वर चाललेली! बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालूच केलं नव्हतं. ते चालू केल्यावर आतली इन्फिनिटी फॅब्रिकसुद्धा (प्रोसेसरच्या भागांना जोडणारी वाट) १८०० वर जाऊन रॅमशी एकास एक जुळली (३६०० ची रॅम प्रत्यक्षात १८०० मेगाहर्ट्झवर चालते), आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये धुराच्या ग्रेनेडमध्ये शिरताना बसणारे हिसके जवळजवळ गेले. दोन मिनिटांचं काम, एक रुपया खर्च नाही. ज्यांनी दुकानातून पीसी जुळवून घेतलाय त्यांनी आज घरी गेल्यावर आधी हे बघा.

आता उन्हाळा. आमचं घर अशोक चौकाच्या पुढे, खाली टॉवेलचा कारखाना आणि वर आम्ही. डिसेंबरात ४.६ वर गेम खेळताना तापमान ६८ च्या आसपास असायचं. प्रोसेसरबरोबर मिळणारा छोटा कूलर मी आधीच काढून १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावला होता. एप्रिलमध्ये बाहेर ४२, आणि पत्र्याखालच्या माझ्या खोलीत दुपारी ३८. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही. खोली जितकी चढते, जवळजवळ तितकाच प्रोसेसर चढतो. ८५ दिसायला लागलं. ५६०० ची मर्यादा ९० आहे.

त्यात सुताचं तूस. एका रविवारी कॅबिनेट उघडलं तर कूलरच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसला होता. नखाने कडेला पकडला आणि ओढला, तर तुटला नाही. टॉवेलच्या तुकड्यासारखा अख्खा निघून आला, पट्ट्यांच्या रेघा त्यावर उमटलेल्या. तो काढल्यावर तापमान सात अंशांनी उतरलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी ब्रश मारतो आणि पुढच्या जाळीला आतून जुनी ओढणी लावलीय.

वडील शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "माग जास्त पळवला की ताणा तुटतो बाळा. मग तो जोडण्यात जो वेळ जातो, तो कुणी हिशेबात धरत नाही."

मी विषय बदलला, पण आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा १.२ व्होल्टचे १.३ केले आणि ४.४ चे ४.६, तर वीज साधारण २३ टक्के वाढली. साडेचार टक्के वेगासाठी! आणि ती सगळी उष्णता त्याच ३८ अंशांच्या खोलीत.

मे महिन्यात हाताचं ओव्हरक्लॉकिंग सोडून पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या एएमडीच्या सोयींकडे वळलो. यात वेग प्रोसेसरच ठरवतो, आपण फक्त व्होल्टेज थोडं खाली ओढतो. सगळ्या कोरना उणे ३० दिलं (आकडा जितका उणे, तितकं व्होल्टेज खाली), रात्रभर स्ट्रेस टेस्ट चालवली, पास. दुसऱ्या दिवशी नुसता यूट्यूब चालू असताना पीसी रीस्टार्ट. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, डब्ल्यूएचईए (हार्डवेअरची चूक), १८ नंबर. मग कळलं की भार कमी असताना एकटा कोर सगळ्यात वर उडी मारतो आणि तिथेच व्होल्टेज कमी पडतं, त्यामुळे नुसत्या भाराच्या चाचणीवर विसंबून चालत नाही. उणे १५ वर आणलं, त्यानंतर एकदाही पडलेला नाही. वेग जवळपास ४.४ च, दुपारी सुद्धा ७४ च्या वर जात नाही.

जूनमध्ये जुळे सोलापूरला मामाकडे गेलो तेव्हा माझं कार्ड काढून मामेभावाच्या ५८००एक्स३डी ला लावून बघितलं. सायबरपंक १४४० पी: एक-दोन फ्रेमचा फरक. व्हॅलोरंटमध्ये त्याचे फ्रेम बरेच जास्त, पण दोघांचेही मॉनिटर १४४ हर्ट्झचे. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मात्र मी गप्प झालो. मुंबईवरून उतरताना माझ्याकडे ३८ पर्यंत पडायचं, त्याच्याकडे ५५ च्या खाली गेलं नाही. त्याच्या चिपवर ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली अगदी वेगवान मेमरी) आहे, माझ्याकडे ३२. मेगाहर्ट्झ कितीही वाढवले तरी कॅश वाढत नाही. आणि गंमत बघा, त्या महागाच्या चिपवर कंपनीने ओव्हरक्लॉकिंग बंदच ठेवलंय.

त्यामुळे कुणी विचारलं तर मी आधी गेम कोणता ते विचारतो. फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ असलं काही रोज खेळणार असाल तर एक्स३डी साठी पैसे साठवा, ओव्हरक्लॉकिंगने ती भूक भागणार नाही. बाकी गेमसाठी ५६००, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, चांगला टॉवर कूलर, आणि उरलेलं सगळं ग्राफिक्स कार्डात. बोर्डात पैसे वाचवायला ए५२० घेऊ नका, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. आणि ओव्हरक्लॉकिंगने काही बिघडलं तर वॉरंटी मिळत नाही हेही धरून चाला. बोर्ड एएम४ चाच (प्रोसेसर बसवायची तीच खाच) असल्याने पुढे वाटलं तर त्याच बोर्डवर एक्स३डी बसतो, हा माझ्या मनाला मोठा आधार आहे.

बायोसमध्ये मी दोन प्रोफाइल ठेवले होते, 'हिवाळा' ४.६ चं आणि 'उन्हाळा' उणे १५ चं. आता पाऊस लागलाय, खोली २८ वर आलीय. काल रात्री बायोस उघडलं आणि 'हिवाळा' पुसून टाकलं.