वर्डप्रेस रिव्ह्यू: पोस्ट का पेज, यातच माझी जिरली

सातारच्या आसपास फिरायच्या जागांची माहिती देणारी एक छोटी साइट आहे माझी, कास, ठोसेघर, सज्जनगड, वासोटा असलं सगळं, आणि ती वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, चालते. ओळखीतले लोक विचारत असतात कसंय म्हणून, तर लिहून टाकतो एकदाचं. थीम आणि स्पीडवर बोलायला यूट्यूबवाले बसलेत, मी फक्त मांडणीबद्दल बोलणार.

डॅशबोर्ड, म्हणजे साइट चालवायचं आतलं पान, उघडला की डावीकडं पोस्ट आणि पेज अशी दोन नावं दिसतात आणि आत गेलं की दोन्हीकडं तोच कोरा एडिटर. मला वाटलं एकच असेल, म्हणून सगळं पोस्टमध्येच टाकत सुटलो. कासला कसं जायचं ही पण पोस्ट, आज पठारावर धुकं लय होतं ही पण पोस्ट. आता पोस्ट लागतात तारखेनं, नवी वर जुनी खाली, त्यामुळं सप्टेंबरात फुलांचे रोजचे अपडेट सुरू केल्यावर रस्ता, पार्किंग, बुकिंग ही खरी कामाची माहिती पार तळाला गेली. लोक पोवई नाक्यावर उभं राहून फोन करतायत, "दादा, कासला वळायचं कुठनं?" अहो लिहिलंय की साइटवर! पण सापडलं तर ना.

शेवटी ताईनं समजावलं. म्हणाली, मोती चौकातल्या पेढेवाल्याची पाटी वर्षानुवर्षं तीच असती आणि खालच्या फळ्यावर आज काय ताजं ते रोज पुसून लिहितात, तुझं पेज म्हणजे पाटी न् पोस्ट म्हणजे फळा. एवढं सोपं होतं राव. वर्डप्रेस 2003 चं, मुळात ब्लॉगसाठीच बनलेलं, पेजची सोय 2005 ला 1.5 व्हर्जनमध्ये आली, म्हणून अजून पण त्याचा सगळा जीव पोस्टमध्येच आहे. पहिलं पान सुद्धा आपोआप पोस्टची यादीच दाखवतं, ते बदलायला सेटिंगमध्ये रीडिंगमध्ये जाऊन एक पेज होमपेज म्हणून निवडायचं आणि पोस्टसाठी दुसरं रिकामं पेज द्यायचं. मी तेच केलं आणि फोन निम्म्यावर आले.

पेजचं मला आवडलेलं म्हणजे एका पेजखाली दुसरं लावता येतं. किल्ले हे वरचं पेज, त्याखाली अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा, पेजचा वेबपत्ता, म्हणजे लिंक, पण तशीच बनते. पेजला कॅटेगरी, म्हणजे विषयाचा कप्पा, मात्र नसते, ती पोस्टलाच. कॅटेगरी मी चारच ठेवल्यात, फुलं, धबधबे, ट्रेक, खाणं. टोपली कारवी, सीतेची आसवं ही फुलं, बामणोलीची बोट असली बारीक नावं टॅगमध्ये, म्हणजे पोस्टला लावायच्या छोट्या चिठ्ठ्यांत. आधी उत्साहात एकवीस कॅटेगरी केलेल्या, त्यातल्या नऊमध्ये एकेकच पोस्ट होती, हसू नका. बरं, कॅटेगरी उडवली तरी आतल्या पोस्ट उडत नाहीत, दुसरी कॅटेगरी नसली तर त्या 'अनकॅटेगराइज्ड' नावाच्या अडगळीत जाऊन पडतात. त्या अडगळीचं नाव बदलता येतं, मी 'इकडचं तिकडचं' ठेवलंय.

आता मराठीत लिहिणाऱ्यांनी नीट वाचा. शीर्षक मराठीत दिलं की वेबपत्ता पण मराठीत बनतो, ब्राउझरमध्ये झकास दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची ही लांबलचक माळ. एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा आत नऊ चिन्हांची होते आणि जागा 200 चिन्हांचीच, म्हणजे बावीसएक अक्षरांनंतर पत्ता मधेच तुटतो. म्हणून पत्ता इंग्रजी अक्षरांत स्वतः टाईप करा, छोटा ठेवा, आणि पब्लिश करायच्या आधीच. मी वासोट्याच्या पेजचा पत्ता नंतर बदलला आणि ट्रेकच्या ग्रुपवर फिरत असलेली लिंक मेली. पोस्टचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरनं नव्यावर नेऊन सोडतं, पेजचा जुना पत्ता ते लक्षातच ठेवत नाही. हे कळायला मला पंधरा जणांच्या शिव्या खाव्या लागल्या.

ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉग सेवेवर, पण होतो आधी. फुकट आहे, सोपं आहे, पण तिथं पेजखाली पेज लावता येत नाही आणि पोस्टला नुसती लेबलं. रोजनिशी लिहायची असंल तर तेच बरं, उगा होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, पैसे कशाला.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण पोस्टचं पेज करायला साधं बटण नाही, पोस्ट टाइप स्विचर नावाचं प्लगिन, म्हणजे वरनं जोडायचं जादा सॉफ्टवेअर, टाकून एकेक हलवत बसलोय. अठरा राहिल्यात अजून, फुलं यायच्या आत उरकायच्यात.