कान्हेरी की कर्नाळा? लाव्हारस पाहायला एक दिवस

ज्वालामुखी पाहायला दूरदेशी जायची गरज नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा दगड ठाण्याच्या वेशीवरच उभा आहे. प्रश्न एवढाच, की रविवारी जायचं कुठे?

ठाणेकरांनी घोडबंदर रोडने बोरिवली गाठावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी साधारण सहा किलोमीटर आत आहे. (सोमवारी उद्यान बंद असतं.) इथला खडक म्हणजे ज्वालामुखीतून उडालेले तुकडे आणि राख घट्ट होऊन बनलेला दगड. त्यात शंभरावर बौद्ध लेणी कोरली आहेत. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं, म्हणजे चैत्यगृह (प्रार्थनेचं दालन), बघाच, पण मला त्याहून आवडतात ती पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक विहाराजवळ (भिक्षूंच्या निवासाजवळ) एक टाकं आणि त्याच्याकडे पाणी नेणारे कोरीव पाट! पावसाळ्यात गेलात तर ही योजना डोळ्यांसमोर चालताना दिसते. आजीआजोबा, लहान मुलं सोबत असतील तर मी हेच निवडेन.

कर्नाळा किल्ला नवी मुंबईकरांना सोयीचा. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी अभयारण्याच्या दारात सोडते. वाटेत वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण लागतं. चढ मात्र दमवणारा आहे, पाणी भरपूर घ्या. वर बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाच्या काळ्या दगडाचा, उभा सुळका. त्यावर आग्या माशांची पोळी असतात, म्हणून अत्तर नको, आरडाओरडा तर मुळीच नको. पक्षी पाहायचे असतील तर उजाडताच पोहोचा.