उरलेल्या दोन कुंड्यांत काय लावाल: फुलपाखरांची झाडं की मधमाश्यांची?

गच्चीवर भाज्यांच्या दहा-बारा कुंड्या लावल्या की फुलझाडांना जेमतेम दोन कुंड्यांची जागा उरते. तिथे काय लावायचं ते तुम्ही कोणती भाजी लावली आहे त्यावर ठरवा. पालक-मेथीच असेल तर हवं ते लावा, तिथे माशीचं काम नाही.

काकडी, कारलं, लाल भोपळा असेल तर मधमाश्यांचीच झाडं. या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि पराग चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाही. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं. पराग पोचला नाही की ते दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळतं. अपुरा पोचला तर काकडी एका टोकाला बारीक, वाकडी होते. (लोक इथे खत वाढवतात. उपयोग शून्य.) सातेरी आणि फुलोरी या आपल्याकडच्या मधमाश्यांना बोलवायला तुळस आणि सब्जा उत्तम, फक्त मंजिऱ्या खुडायचा हात आवरा. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा; नर्सरीतल्या गच्च गोंड्यात माशीला फारसं काही मिळत नाही.

झिनिया, पेंटास, एक्झोरा ही फुलपाखरांची झाडं. फुलपाखरू लांब सोंडेने मध पितं, अंगाला पराग कमीच लागतो. त्याच्या भरवशावर काकडी धरू नका. शिवाय फुलपाखरं नांदायला हवीत तर सुरवंटांचं खाणंही हवं. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा किडा मोठा होऊन हिरवा होतो आणि चार-पाच जण मिळून गुडघाभर रोप बोडकं करतात. म्हणून कढीपत्ता दोन कुंड्यांत लावा: एक फोडणीला, एक त्यांना.

वांगी-टोमॅटोचं गणित निराळं. एकाच फुलात सगळं असतं, पण पराग झटकावा लागतो; वांग्यात तो परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून पडतो. भुंगा फुलाला धरून गुणगुणतो तेव्हा तो झडतो. सातेरीला ते जमत नाही. भुंगे वरच्या मजल्यावर फिरकत नसतील तर सकाळी देठाला टिचक्या मारा. मात्र पारा 35 अंशांवर गेला की टोमॅटोचं फूल टिचकी मारूनही गळतं.

दुधी-दोडक्याला दोन्ही कुंड्या निरुपयोगी. फुलं उमलतात संध्याकाळी, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. दुधीवर रात्री पतंग येतात, पण शहरात त्यांची खात्री नाही. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. नीमतेल एरवी संध्याकाळी फवारतात, पण या वेलांवर तेव्हा उमललेली फुलं वगळून फक्त पानांवर.