दळायच्या आधी भाव विचारा

आप्पांना दोन वर्षांपासून अंगाला खाज. धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून बाहेर पडलो, तर गेटवरच एक सफारीवाला भेटला. आप्पांच्या हाताकडे बघत म्हणाला, "बाबा, माझ्या वडिलांचं डिट्टो असंच होतं. काडेचिराईतीनं दीड महिन्यात साफ." पैसे मागितले नाहीत, नंबर दिला नाही. "मी त्याच बाजूला चाललोय, दुकान दाखवतो," एवढंच. माणूस पैसे मागत नाही म्हटल्यावर संशय येतो कुठे?

दुकानात जुन्या बरण्या, धन्वंतरीचा फोटो, मागे चक्की. दुकानदारानं सांगितलेलं निम्मं खरं होतं, तिथंच फसलो. किराततिक्त म्हणजे काडेचिराईत, ज्वरावरच्या सुदर्शन चूर्णात सगळ्यात जास्त तीच असते, हे खरं. खाज-खरूज झाली की आमच्याकडे रात्री चार काड्या भिजत घालून सकाळी अनशापोटी ते कडू पाणी पाजायचे, तेही खरं. मग म्हणाला, "आपली सातपुड्यातली आहे, तोरणमाळवरून येते." इथं मला थांबायला हवं होतं. ही वनस्पती हिमालयातली, काश्मीरपासून भूतानपर्यंतच्या थंड डोंगरातली. तोरणमाळला कितीही गार वाटलं तरी तिथं ती उगवत नाही.

आठ जिन्नस, प्रत्येकी शंभर ग्रॅम. तो भाव बोलत गेला, चिराईत नव्वद, कुटकी एकशेचाळीस, असं. मी मनात बेरीज केली, ८६० रुपये. पोरानं सगळं उचलून चक्कीत टाकलं, पाच मिनिटांत पुडा बांधून आला. बिल ८,६००. "भाव तोळ्याचा होता ना भाऊ. दहा ग्रॅमचा तोळा." मी नको म्हटलं, तर, "दळलेला माल आता कोणाला विकू?" दारात दोन पोरं येऊन उभी. आप्पांचे पाय थरथरायला लागले होते. तीन हजार रोख दिले, बाकीचे फोनवरून. बिलावर दुकानाचं नाव नाही, नुसते आकडे. सफारीवाला केव्हाच पसार.

घरी आजीनं नमुन्याची एक काडी हातात घेतली. (ती मीच उचलून आणली होती, दुकानदारानं "बघा किती कडू" म्हणून चघळायला दिलेली.) बोटांत फिरवली आणि म्हणाली, "हाई काडेचिराईत नई शे. कितलाले लयना?" आकडा सांगायची हिंमत झाली नाही.

खरी काडी तपकिरी-जांभळट, बुडाकडे गोल, मोडली की आत पिवळसर भेंड. ही हिरवी, बारीक, चक्क चौकोनी. म्हणजे ओलेकिराईत, कालमेघ. ती काही विष नव्हे, तापावर आणि यकृतासाठी तिचाही वापर आहे. पण ती सपाटीवर सहज येते, स्वस्त असते आणि चिराईत म्हणून खपवली जाते. चव घेऊन काही कळत नाही, दोन्ही जहर कडू. आणि एकदा पीठ झालं की आजीलासुद्धा ओळखता येत नाही.

डॉक्टरांनी पुडा बघून हातच जोडले. आप्पांना साखरेची गोळी चालू आहे. त्यावर असली अनोळखी कडू पूड घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणाले. पुडा उकिरड्यावर गेला.

नंतर कळलं की तोळ्यात भाव सांगून माल विकणं हाच मुळात गुन्हा आहे, वजन ग्रॅम-किलोतच सांगावं लागतं. वैधमापन विभागाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता येते. मी केली, पण नाव नसलेल्या बिलावर तक्रार तरी किती उभी राहणार? तुम्ही निदान पाटीचा फोटो काढून ठेवा.

परवा अमळनेरहून मावसभावाचा फोन. मामींना मुतखडा, दवाखान्याच्या गेटवर एक भला माणूस भेटलाय, त्याच्याबरोबर दुकानात आलोय. मागून चक्कीचा आवाज येत होता. ओरडलोच, "आधी चक्की बंद करायला लाव!"